कुठवर पोचलं?

जेवणानंतर भेटलेल्या माणसाला आपण ‘झालं का जेवण?’ असं विचारतो. ओव्हाळ सर विचारायचे, ‘कुठवर पोचलं?’

पहिल्यांदा मला हा प्रश्न विचारला तेव्हा मी शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा रंगवत होतो. मला वाटलं नकाशाचं विचारताहेत. म्हटलं, ‘विंध्य झाला, आता नर्मदा घेतोय.’ सर म्हणाले, ‘नकाशाचं न्हाई हो, भाकरीचं. शाळा भरायच्या आधी जेवलात ना? मंग आत्ता जठराच्या खालच्या दारापाशी थांबली आसंल. सिग्नल मिळाला न्हाई अजून.’ एवढं बोलून ते वर्गावर निघून गेले आणि नर्मदा माझ्या हातून गुजरातऐवजी कोकणात उतरली.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो. शाळा शिरूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका गावात होती. मांडवगण फराट्याच्या पुढं, एवढं सांगितलं तरी पुरे. तालुका शिरूरचा, पण नावेतनं नदी उतरली की दौंड जवळ. त्यामुळे गावाचे कागद शिरूरला जात आणि आजारी माणसं दौंडला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माणसं पोटभर जेवायला लागली होती आणि जेवलेलं पचतं कसं, याची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. अशा वेळी हे विज्ञानाचे मास्तर आमच्याकडे आले.

सर मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत पॉइंटमन, म्हणजे कुठली गाडी कुठल्या रुळावर जाणार ते खटका ओढून ठरवणारे. सरांचं बालपण यार्डाच्या कडेच्या क्वार्टरात गेलं आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना यार्डासारखी दिसायची. त्यात पोट तर फारच. ‘तोंड म्हंजी तिकीट खिडकी,’ ते वर्गात सांगायचे. ‘हितं गर्दी करायची न्हाई, एकेकानं यायचं. जठर म्हंजी यार्ड. गाडी आली की लगेच फुडं सोडत न्हाईत. डबे सुटे करायचे, घुसळायचे, मंग थोडे थोडे फुडं. आन् दौंडला कसं इंजिन काढून उलट्या अंगाला लावत्यात आन् गाडी आली त्या बाजूला जाती? तसं पोटात झालं की वकारी येती.’ मुलांना हे एका दमात कळायचं. आतड्यांचं मोठं चित्र मी आठवडाभर खपून काढलं होतं, त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघायचं नाही. याचा मला राग यायचा, हे कशाला लपवू?

अन्नाच्याही त्यांनी गाड्या केल्या होत्या. भात म्हणजे पॅसेंजर. बाजरीची भाकरी म्हणजे मालगाडी, ‘उशिरा पोचती, पर माल सगळा पोचवती.’ तळलेलं, तुपातलं म्हणजे साहेबाचा सलून, म्हणजे बड्या साहेबाचा खास डबा, त्याला यार्डात सगळ्यांपेक्षा जास्त वेळ थांबवून ठेवतात. आणि हरभऱ्याची उसळ शिट्टी मारत जाते, हे सांगायच्या आधीच वर्ग खिदळायला लागायचा.

आता एवढं पोटाचं वेड असलेला माणूस कसा असेल? तर स्वतःला पोटच नसलेला. उंच, काटकुळा, पोट पाठीला लागलेलं. जेवायला बसले की घास तोंडात फिरवत राहायचे. आमचा डबा संपून, हात धुऊन, सुपारी खाऊन व्हायची, तरी सरांची चतकोर भाकरी शिल्लक. मधेच डोळे मिटून सांगायचे, ‘निघाली.’

त्यांच्या कोटाच्या खिशात एक रबरी नळी असायची. तिच्या एका टोकाला रॉकेलचं छोटं नरसाळं बसवलेलं. नरसाळं समोरच्याच्या पोटावर टेकवायचं आणि दुसरं टोक कानात घालायचं. मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हा सगळ्या मास्तरांची पोटं ऐकली होती. हेडमास्तरांचं पोट भर सभेत गुरगुरायचं आणि ते शरमेनं खोकायचे. सर म्हणायचे, ‘खोकू नका सर. वाजतंय ते चांगलं हाय. पोट बोलतं तवर भ्यायचं कारण न्हाई. गप बसलेल्या पोटाला भ्यावं.’ हे वाक्य तेव्हा आम्ही थट्टेवारी नेलं.

पण थट्टेवारी न नेण्यासारखीही एक गोष्ट होती. सर बौद्ध होते. गावात कुणी खोली दिली नाही, म्हणून बौद्ध वस्तीतच एका घराच्या पडवीत राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की नदी उतरून दौंडला बायकोकडं, वडिलांकडं जायचे. शिवाय नोकरी कच्ची. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात. अध्यक्ष म्हणजे आप्पा. त्यांना आप्पा सोडून दुसरं नाव असेल असं गावात कुणाला वाटत नसे. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, ओठ झाकतील अशा मिशा. गावाची अब्रू राखणं हा त्यांचा धंदा होता आणि तो तोट्यात चाललाय, असं ते रोज पारावर बसून सांगायचे.

या आप्पांशी सरांची गाठ पडली ती एका भाकरीवरून. लाळेनं पिठाची साखर होते, हा सातवीचा धडा. सरांनी वर्गात एक भाकरी आणली, प्रत्येक पोराला कोर दिली आणि सांगितलं, ‘चावायची. गिळायची न्हाई. गोड लागली की हात वर.’ नेमके त्याच वेळी हेडमास्तर वर्गात आले आणि त्यांनी पाण्याचं सूत्र विचारलं. अख्खा वर्ग गाईगुरांसारखा त्यांच्याकडं बघत रवंथ करत राहिला. एकही पोर तोंड उघडेना. हेडमास्तर घाबरून बाहेर आले आणि मला म्हणाले, ‘अहो, सातवीला काहीतरी झालंय.’ तेवढ्यात आत एकदम सगळे हात वर झाले आणि ‘गोड! गोड!’ असा कालवा उठला.

वर हात करणाऱ्यांत आप्पांचा नातू होता. त्यानं घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेत हजर.

‘मास्तर, पोराला काल काय चारलं?’

‘भाकरी.’

‘कुठली?’

‘बाजरीची.’

आप्पांच्या मिशा हलल्या. ‘मी पिठाचं इचारत न्हाई. कुनाच्या घरची?’

हेडमास्तरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मीही बघितलं, बाहेर काही नव्हतं. ओव्हाळ सर मात्र वर्गात उत्तर सांगावं तसं शांतपणे बोलले, ‘आप्पा, भाकरी माझ्या घरची. पर काल दुपारी तिची साखर झाली, सांजच्याला रगात झालं, आन् आज सकाळी तुमचा नातू त्या रगताच्या जोरावर शाळेला पळत आला. आता ती कुनाच्या घरची, ते तिलाबी सांगता यायचं न्हाई.’

आप्पा उठले. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, ‘वर्साच्या शेवटाला बघू.’ याचा अर्थ शाळेतल्या शिपायालाही कळला. वर्षाच्या शेवटी सर घरी जाणार. दौंडला वडिलांनी रेल्वेतल्या खलाशाच्या, म्हणजे अंगमेहनतीच्या जागेसाठी साहेबाच्या कानावर घालून ठेवलंच होतं. पदवी घेतलेला पोरगा पुन्हा रुळावर येणार, याचं त्या म्हाताऱ्याला किती दुःख होतं, ते मी पुढं त्यांच्या तोंडून ऐकलं.  सर स्वतः त्या महिन्यात एकदाच म्हणाले, ‘माझीच गाडी यार्डात थांबलीय.’

आणि अशात शिरूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं.

बाकीच्या शाळा पवनचक्क्या आणि पुठ्ठ्याचे ज्वालामुखी नेणार होत्या. सरांनी ठरवलं, आपण जिवंत पचनसंस्था न्यायची. मांजरपाटाची लांबच लांब नळी शिवायची. एका टोकाला चिंध्यांचा चेंडू घालायचा, तो घास. माणसांनी ओळीनं उभं राहून नळी हातांनी दाबत दाबत तो पुढं सरकवायचा आणि आपल्या जागेवर काय घडतं ते बोलून दाखवायचं. नळी सरांच्या बायकोनं दौंडात शिवली. रंग मी दिला. आतड्यासारखा गुलाबी द्यायला गेलो आणि तो नेमका आप्पांच्या फेट्यासारखा झाला. हे माझ्या लक्षात आलं, पण मी गप्प बसलो.

मग शिक्षकांच्या सभेत अवयवांचं वाटप झालं. मंत्रिमंडळाच्या खातेवाटपात इतका घोळ होत नसेल.

हेडमास्तर म्हणाले, ‘मी मेंदू.’

‘सर, पचनसंस्थेत मेंदू येत न्हाई.’

‘मग मी कुठे?’

‘तुमी अन्ननलिका. वरनं आलेलं खाली सोडायचं, सोताजवळ काय ठेवायचं न्हाई.’

हेडमास्तरांनी जरा विचार केला. वरून आलेली परिपत्रकं ते याच पद्धतीनं हाताळत असल्यामुळे त्यांना काम जमण्यासारखं वाटलं. कसरतीचे मास्तर जठर झाले. सगळं साठवून ठेवतो आणि मागितल्याशिवाय देत नाही, म्हणून क्लार्क यकृत झाला. हिंदीच्या बाई जीभ. माझ्याकडं बघून सर म्हणाले, ‘तुमी पित्ताशय.’ मी विचारलं, का? ‘आकारानं ल्हान, आन् आत सगळं कडू.’ यावर चर्चा व्हावी अशी माझी अपेक्षा होती, पण सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला, काही काम नसतं, दुखलं की मात्र सगळ्यांना पळवतं, हे सरांनी सांगितल्यावर संस्थेच्या एका सभासदाचं नाव प्रत्येकाच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. लहान आतडं आठवीचा वर्ग, मोठं आतडं दहावीची दांडगी पोरं. वाटप शेवटपर्यंत आलं आणि अडलं.

शेवटचं दार कोण धरणार?

 कसरतीचे मास्तर म्हणाले, ते वगळू, मोठ्या आतड्यावरच कार्यक्रम संपवू. सर म्हणाले, ‘दार न्हाई ठिवलं तर माणूस मरतो.’ शिपायाला विचारलं, तो म्हणाला माझं लग्न व्हायचंय. मग हेडमास्तर घसा खाकरून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘ओव्हाळ, तुमच्या वस्तीतला एखादा मुलगा बघा ना. त्यांना काही वाटणार नाही.’

सरांचा आवाज रागानं चढलेला मी एकदाच ऐकला, तो तेव्हा. ‘त्यांनाच वाटनार, सर. माझ्या वस्तीतलं पोर तितं हुबं ऱ्हायचं न्हाई. मीबी न्हाई. आमी ते काम पिढ्यान्पिढ्या केलंय. आता दुसऱ्या कुनीतरी हुबं ऱ्हावं.’ सभा संपली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि त्यांच्या नोकरीची इतकी काळजी वाटली, की मी घरी जाऊन जेवलोच नाही.

पुढचे काही दिवस तालीम शेवटच्या टोकाशिवाय चालली. चेंडू दहावीच्या पोरांपर्यंत यायचा आणि तिथंच अडकून बसायचा. पोरं म्हणायची, ‘सर, तटलं.’ अशाच एका तालमीला आप्पा आले. शाळा शिरूरला जाणार, साहेब बघणार, म्हटल्यावर अध्यक्षांना जागा हवीच. आमच्या सगळ्या ओळीवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, ‘आन् आमी कुठं?’

मी मनात म्हटलं, झालं. सर ओळीच्या टोकाशी गेले. सुटं लोंबणारं टोक त्यांनी उचललं आणि म्हणाले, ‘आप्पा, एकच जागा मोकळी हाय. गुदद्वार.’

असा शब्द आप्पांसमोर आजवर कुणी उच्चारला नव्हता. हेडमास्तर अन्ननलिकेच्या जागेवरच मटकन खाली बसले. आप्पांच्या कपाळाची शीर उठली. पण सरांचा चेहरा वर्गातल्यासारखा होता, त्यात थट्टेचा लवलेश नव्हता, आणि ते थांबले नाहीत.

‘आधी ऐका. ह्या एवढ्या लांब कारभारात माणसाच्या हुकमात काय हाय? घास घेणं आन् गिळणं, बस्. एकदा खाली उतरला, की जठर तुमाला इचारत न्हाई, यकृत इचारत न्हाई. हे सगळे आपापल्या मर्जीनं चालत्यात. एकदम शेवटाला पुन्हा एक दार असं हाय, की जे तुमचा शब्द मानतं. डोळे न्हाईत त्याला, पर वारा आलाय का घट्ट आलंय, आंधारात वळखतं. आपण झोपलो तरी ते राखणीला जागं. चारचौघांत माणसाची अब्रू कोन राखतं, आप्पा? काळीज राखतं? मेंदू राखतो? हे राखतं. एक दिवस त्यानं काम सोडलं, तर राजाबी दरबारात बसू शकायचा न्हाई.’

 आप्पा त्या गुलाबी टोकाकडं बघत राहिले. मग त्यांनी फेटा नीट केला, पुढं आले आणि ते टोक दोन्ही मुठींत आवळून धरलं.

‘मंग तितं दुसरं कोन हुबं ऱ्हानार?’ ते म्हणाले.

शिरूरला आम्ही एसटीनं गेलो. टपावर गुलाबी नळीचं वेटोळं बांधलेलं. कंडक्टरनं विचारलं, ‘काय आहे ते?’ पोरं एका सुरात ओरडली, ‘आतडं!’ कंडक्टरनं पुढं काही विचारलं नाही आणि सगळा प्रवासभर तो आमच्याकडं फिरकलाही नाही.

प्रदर्शनात आमच्यापुढं ही गर्दी. पुण्याहून मोठे साहेब आले होते, चष्मा, टाय, मागं चार माणसं. चेंडू निघाला. हिंदीच्या बाईंनी लाळेवर भाषण केलं. हेडमास्तरांनी चेंडू इतक्या तातडीनं खाली ढकलला की जठर सावरता सावरता पडलं. मी पित्त ओतलं, म्हणजे नळीवर हिरव्या पाण्याचा तांब्या उपडा केला, त्यातलं थोडं साहेबांच्या बुटावर गेलं. आठवीची पोरं लाटेसारखी नळी दाबत होती आणि चेंडू खरोखर आतड्यातल्या घासासारखा डुलत चालला होता. तो इतका सुंदर दिसत होता की मला माझ्या कडूपणाचाही विसर पडला.

साहेब ओळीच्या शेवटी पोचले. समोर गुलाबी फेटा, ताठ मिशा, आवळलेल्या मुठी. त्यांना वाटलं हे कुणी पाहुणे असावेत. नमस्कार करून त्यांनी विचारलं, ‘आपण?’

आप्पा गरजले, ‘मी गुदद्वार! आन् संस्थेचा अध्यक्ष.’

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. तोवर चेंडू आप्पांच्या मुठींशी येऊन थटला. आता मुठी सैल करायच्या, चेंडू खालच्या टोपलीत पडणार, टाळ्या, कार्यक्रम समाप्त. पण आप्पा मुठी सोडेनात. सर हळूच म्हणाले, ‘आप्पा, सोडा.’

‘कसं सोडू? सायेब समूर हाईत.’

‘आप्पा, मागं ताण आलाय.’

‘चारचौघांत न्हाई! तुमीच सांगितलंय.’

मागं खरोखरच ताण आला होता. दहावीची पोरं ढकलत होती, त्यांच्या मागं आठवी ढकलत होती, जठर आपलं घुसळतच होतं. मला वाटलं, गेली सरांची नोकरी. पण सर साहेबांकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, ‘सायेब, निसर्गाचा नेम हाय. तुमी सगळ्यांनी जरा तिकडं तोंड करावं.’

आणि तो टाय लावलेला मोठा अधिकारी, मागची चार माणसं, शेजारच्या ज्वालामुखीची पोरं, सगळे निमूटपणे वळून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मागं टोपलीत धप्पकन आवाज झाला. साहेबांनीच पहिली टाळी वाजवली. बक्षीस पवनचक्कीला मिळालं, पण आप्पांना त्याचं काही नव्हतं. परतीच्या एसटीत ते सगळ्या वाटेनं सांगत होते, ‘सायबाला पाठ फिरवायला लावली का न्हाई!’

वर्षाच्या शेवटी संस्थेची सभा झाली. आंत्रपुच्छाच्या लायकीच्या त्या सभासदानं सरांचा विषय काढला. आप्पा म्हणाले, ‘मास्तर कायम. आजवर आमाला हार घालनारे लई भेटले. आमचं काम काय हाय, ते वळखनारा ह्योच.’ सरांच्या वडिलांनी दौंड स्टेशनावर पेढे वाटले. पण आप्पा सरांच्या हातचं पाणी मात्र तेव्हाही प्यायले नाहीत. शाळेत आले की आपला तांब्या नातवाकडून मागवायचे. सरांना ते दिसायचं. एकदा ते मला म्हणाले, ‘टोक धरलं हो, गाठ न्हाई सुटली.’

त्यानंतर दोनेक वर्षांनी आप्पांचं पोट फुगलं. उलट्या, कळा. घरच्यांनी एरंडेलाचा पेला आणला. गाव वाड्यापुढं जमलं. मी आणि सर शाळेतून तसेच गेलो. सरांनी कुणाला न विचारता पोटावर नरसाळं टेकवलं. इकडं टेकवलं, तिकडं टेकवलं. त्यांचा चेहरा उतरला. ‘काय बोलत न्हाई,’ ते म्हणाले. एरंडेलाचा पेला त्यांनी हातातून काढून अंगणात ओतला. ‘आतड्याला पीळ पडलाय. वरनं गाडी सोडू नका, फुडं रूळ बंद हाय. दौंडला न्या. आत्ता.’ बैलगाडीतनं नदीपर्यंत, नावेतनं पलीकडं, तिथून टांग्यानं दौंड. डॉक्टरांनी त्याच दिवशी पोट उघडलं. म्हणाले, उद्या आणला असता तर उपयोग नव्हता.

पीळ सुटला, पण आप्पा सुटले नाहीत. डॉक्टरांनी बजावलं, ‘वारा सरल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आतडी हलली तर माणूस वाचला. नाही हलली, तर कठीण.’ मग काय विचारता! सगळ्या गावाचा जीव आप्पांच्या वाऱ्यात अडकला. नावेतनं माणसं येत आणि दवाखान्याच्या पायरीवरच विचारत, ‘सरला का?’ पारावर, गिरणीत, देवळात एकच प्रश्न. शिरूरहून एकानं मुद्दाम माणूस पाठवला, सरला का ते बघून ये म्हणून. आणि आप्पा खोलीत पडलेले, डोळे खोल गेलेले, भोवती भाऊबंद, सुना, जावई, दारात अर्धं गाव.

मी गेलो तेव्हा भर दुपार होती. सर रोजच्यासारखे खाटेशी बसून ऐकत होते. एकाएकी त्यांनी माझा दंड धरला. ‘बोललं,’ ते पुटपुटले. डोळे भरून आले होते. ‘यार्डात हालचाल हाय.’ मग ते आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. वाकून म्हणाले, ‘आप्पा, दारापाशी आलंय. तुमी धरून ठिवलंय.’

आप्पांचे ओठ हलले. ‘सुना हाईत, मास्तर.’

सर उभे राहिले आणि खोलीभर आवाज घुमला, ‘सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा! बायाबापड्या, पावणे, सगळ्यांनी!’ आणि सगळे वळले. दारातलं अर्धं गाव वळलं. सलाईनची बाटली धरलेली नर्स वळली. मीही वळलो. मागून सरांचा आवाज आला, एखाद्या पोराला सांगावं तसा. ‘जन्मभर राखली, आप्पा. आता सोडा. आता अब्रू न्हाई, जीव राखायचाय.’

आधी काहीच झालं नाही. आणि मग, तो आवाज काय वर्णावा! लांबलचक, चढता, मधे एक हेलकावा घेऊन पुन्हा चढलेला. थोरली सून देवाला हात जोडून रडायला लागली. दारात कुणीतरी ‘सरला! सरला!’ म्हणून ओरडलं आणि ती आरोळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. समोरच्या हॉटेलातनं जिलेबी आली. डॉक्टर धावत आले, हसले आणि म्हणाले, ‘आता थोडी पातळ पेज द्या.’

पेज कुठून आणणार? गाव नदीपलीकडं. त्या दवाखान्याजवळ ओळखीचं घर एकच होतं, रेल्वे क्वार्टरातलं. सरांनी निरोप धाडला आणि थोड्या वेळानं त्यांची बायको पदर सावरत, झाकलेली वाटी घेऊन दारात उभी राहिली. खोलीतली जिलेबी खाणारी तोंडं थांबली. आप्पांची बहीण पुढं झाली आणि म्हणाली, ‘सांजच्या नावेनं घरनं येईल की. तवर दम धरू.’

आप्पांनी मान वळवली. त्या वाटीकडं बघितलं, मग सरांकडं.

‘कुठली हाय?’ त्यांनी विचारलं.

‘तांदळाची,’ सर म्हणाले.

 आप्पांच्या मिशांच्या आड काहीतरी हललं. मग त्यांनी तोंड उघडलं. सरांनी चमचा लावला. पेज ती, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण आप्पांनी ती तोंडात धरून ठेवली, सातवीच्या वर्गासारखी. गिळल्यावर डोळे मिटून म्हणाले, ‘गोड हाय.’

मला शिरूरच्या शाळेत जागा मिळाली होती, पुढच्याच आठवड्यात मी गाव सोडलं. ओव्हाळ सर तोवर आप्पांपाशी दौंडलाच होते, त्यामुळे त्यांची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. पेजेच्या त्या दुपारी नाव गाठायची म्हणून मी दवाखान्यातनं निघालो आणि दारातनं एकदा मागं वळून पाहिलं. वाटी रिकामी झाली होती. खोलीतली माणसं पांगली होती. सर खाटेवर वाकलेले, नरसाळं आप्पांच्या पोटावर, नळी कानात. आप्पांनी डोळे न उघडता विचारलं, ‘मास्तर, कुठवर पोचलं?’

 ऐकता ऐकता सरांनी फक्त एक हात वर केला, त्यांचे वडील यार्डात हिरवं निशाण दाखवायला करायचे, तसा.